आई बुडत नाही

"हॅलो? … हो, मीच. … अरे शेपूटच बोलतेय, या ऑफिसात दुसरं कोण उचलणार फोन? … बोल ना, दादा."

सत्तेचाळिसावं लागलं तरी घरात तिचं नाव शेपूटच होतं. लहानपणी दादा जाईल तिकडे मागोमाग जायची, म्हणून पडलेलं. दादा पोहायला गेला, ती गेली. दादाने व्हिडिओ गेम बनवायची कंपनी काढली, ती तिथे चित्रं काढायला जाऊन बसली. मग दादाने गेम बनवणं सोडलं आणि लिफ्ट बनवणाऱ्या कंपनीत नोकरी धरली, तेव्हा मात्र शेपूट मागे गेलं नाही. तेवढं एकच वळण तिने त्याच्याशिवाय घेतलं होतं आणि ते दादाच्या घशाखाली अजून उतरलं नव्हतं.

"कागद मिळाला ना? … वाचलास? … सगळा? बारीक अक्षरातलाही? … बरं. मग सही कुठाय? …

"आवाज? कसला? … टीव्ही चालू आहे रे. … सांगते नंतर. तू आधी सहीचं बोल."

पलीकडून जे आलं ते ऐकता ऐकता तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. तीन चाळीस. घड्याळाखाली तिच्या भागीदाराने कागद चिकटवला होता. त्यावर लाल पेनाने 'पाचच्या आत' लिहिलेलं, आणि 'पाच'खाली दोन रेघा. भागीदार आतल्या खोलीत कॉम्प्युटरसमोर बसला होता आणि आपण ऐकत नाही आहोत हे दाखवायला उगाच कळा बडवत होता.

गोष्ट सरळ होती. चोवीस वर्षांपूर्वी दादा, शेपूट आणि एक संगीतवाला, अशा तिघांनी एका पिक्चरवरून गेम बनवला होता. पिक्चर लागला त्याच दिवशी गेम दुकानात आला आणि महिन्याभरात दोघेही गाशा गुंडाळून परत गेले. ज्या कंपनीने तो विकायला घेतला होता तीही पुढे बंद पडली आणि गेमचे हक्क फिरून या तिघांच्या गळ्यात आले. आता शेपटीने आणि भागीदाराने चष्म्याच्या दुकानावर दोन खोल्या घेतल्या होत्या. बाजारातून उठून गेलेले जुने गेम शोधायचे, आजच्या यंत्रांवर चालते करायचे आणि पुन्हा विकायला ठेवायचे, हा त्यांचा धंदा. दुसऱ्यांची सतरा पोरं अशी सांभाळून झाल्यावर तिला आपलं घरचं आठवलं. पिक्चरवाल्यांनी नाव वापरायची परवानगी दिली, पण एका अटीवर : तिघांच्या सह्या आज पाचच्या आत पोचल्या पाहिजेत. नाहीतर परवानगी गेली. ती मिळवायला दोन वर्षं लागली होती आणि तेवढ्यात परवानगी खात्यातले तीन साहेब बदलले होते. संगीतवाल्याने दाताच्या डॉक्टरच्या खुर्चीत अर्धं तोंड बधिर असताना सही केली. राहिला दादा.

"नको म्हणजे? … नाही, कारण सांग. 'नको म्हटलं ना' हे आपली आई सांगायची, आणि तिलाही ते शोभत नव्हतं. …

"कुणी मागितलाय? अरे, मागितला तर पहिल्यांदाही कुणी नव्हता. …

"हो, अकरा आठवड्यांत केलेला. मला काय सांगतोस? त्यातले नऊ मी टेबलाखाली झोपलेय. …

"बरोबर. पिक्चरची बाहुली, पिक्चरचा डबा, पिक्चरचं दप्तर, तसाच पिक्चरचा गेम. मान्य. … पण दप्तरसुद्धा कुणाचं तरी लाडकं असतं रे."

दादा असा माणूस की लिफ्टमध्ये शिरला तर आधी किती माणसं मावतात ती पाटी वाचणार, मग आतली माणसं मोजणार आणि एक जास्त असेल तर आपणच बाहेर पडणार. त्याने या फोनचीही तयारी करून ठेवली होती हे तिला आवाजावरून कळलं. त्याच्यासमोर कागद असणार, कागदावर मुद्दे असणार आणि मुद्द्यांना आकडे. तिने त्याला तीनपर्यंत जाऊ दिलं. पहिला मुद्दा, चांगले जुने गेम लोकांनी आधीच जपलेत, उरलाय तो गाळ. दुसरा, पिक्चर कुणाला आठवत नाही, मग त्याची सावली कोण विकत घेणार? तिसरा, परवानगी आज आहे, पाच वर्षांनी संपेल, मग तुम्ही तो पुन्हा दुकानातून काढणार. म्हणजे मेलेल्याला उठवायचं ते परत मारायला.

"थांब, थांब. चौथ्यावर जाऊ नकोस, आधी याचं ऐक. … अरे ऐक ना. …

"तिसरा मुद्दा तुझा खरा आहे. म्हणूनच तर. … दादा, साधा गेम म्हणजे स्वतःच्या घरात राहणारा माणूस. गरीब असला तरी कुणी हुसकावत नाही. पिक्चरवरचा गेम भाड्याच्या घरातला. करार संपला की भांडीकुंडी रस्त्यावर. मग तो चांगला होता की वाईट हे बघायलाही कुणाला मिळत नाही. … नाही, मी वकिलासारखी बोलत नाहीये. मी मोलकरणीसारखी बोलतेय, मी ती भांडी उचललीत. …

"गाळ? बरं, गाळ. पण आपण खेळायचो तेव्हा आपल्याकडे तरी काय होतं? एकच गेम, तोही मामाने आणलेला. मामाला गेममधलं काय कळत होतं? डब्यावर ओळखीच्या पिक्चरचं नाव दिसलं आणि घेतला. … तोच ना. तू तो किती वेळा संपवलास? … मोजू नकोस, मला माहितीय. मोजायला मलाच बसवलं होतंस."

पलीकडे जरा सैल झालं. दादाच्या नाकातून हसू यायचं तेव्हा फोनमध्ये वारा शिरल्यासारखा आवाज येई, तसा आला. ती पुढे सरसावली. पण दादाचे मुद्दे संपले नव्हते. चौथा मुद्दा आला.

"कुठला व्हिडिओ? … होडीचा? पाहिलाय. … किती लाख? … अरे वा, वाढले की. … तुझ्या ऑफिसात? … सगळ्यांनी? …

"जेवायच्या सुट्टीत. बरं. … कुणी लावला? … नव्या इंजिनिअरने. … आणि तू काय केलंस? … डबा बंद करून उठलास."

तिने खुर्ची ओढली आणि बसली. इतका वेळ ती उभी होती.

गेममध्ये एक नदी होती, धुकं होतं आणि एक मुलगी होडी घेऊन आपल्या हरवलेल्या आईला शोधत जायची. आई त्या नदीवर लोकांना पैलतीरी नेणारी नाव चालवायची. चौथ्या टप्प्यावर एक दगडी धक्का लागायचा. होडी नीट सरळ नेली तर धक्क्याला अडायची, आणि किंचित तिरकी नेली तर धक्क्याच्या आरपार, दगडातून लोण्यातून जावी तशी निघून जायची. ती दादाची चूक. दगडाला चारी बाजूंनी भिंत घालायची, त्याने तीनच घातल्या, कारण पहाटेचे चार वाजले होते आणि सकाळी माल छापायला जायचा होता. आज तोच दादा लिफ्टच्या कंपनीत तपासणीचा मुख्य होता. लिफ्ट मजल्याला टेकल्याशिवाय दार उघडणार नाही, ही त्याच्या सहीची हमी. अशा माणसाची होडी दगडातून जाताना सबंध कँटीनने पाहिली होती.

"हसू देत ना, दादा. चोवीस वर्षं फुकट हसतायत, आता विकत घेऊन हसतील."

विनोद पडला. पलीकडे नाकातला वारासुद्धा आला नाही.

"बरं, चुकलं. … चुकलं म्हटलं ना. …

"हो. … हो, मला माहितीय की होडी एकवेळ सोसेल. … हो, आईचं. … बोल, मी ऐकतेय."

कारण खरा घाव तो नव्हता, आणि हे दोघांनाही ठाऊक होतं. पिक्चरमध्ये ती आई मध्यंतराआधीच पुरात बुडून मरते. मग एक नायक येतो, मुलगी सूड घेते, वगैरे. गेममध्ये आई मरतच नाही. शेवटच्या टप्प्यावर, शेवटच्या धक्क्यावर ती कंदील घेऊन उभी असते. गेम बाहेर आला तेव्हा एका मासिकाने दहापैकी दोन गुण दिले आणि खाली एकच वाक्य छापलं : ज्यांनी पिक्चर पाहण्याचीही तसदी घेतली नाही, अशांचा हा गेम. ते वाक्य दादाला पाठ होतं, स्वल्पविरामासकट.

तसदी कशी घेणार? पिक्चर अजून बनतच होता. पिक्चरवरचा गेम त्याच दिवशी बाजारात हवा तर तो पिक्चर पाहून बनवता येत नाही, पटकथेची पानं वाचून बनवावा लागतो. आणि पटकथा रोज बदलते. पिक्चरवाल्यांची पद्धत अशी की बदललेलं पान वेगळ्या रंगाच्या कागदावर काढायचं. पहिला बदल निळा, दुसरा गुलाबी, तिसरा पिवळा. ज्याच्या हातात रंगीत गठ्ठा आहे त्याला कुठलं पान नवं हे नुसतं बघून कळतं. पण यांना ती पानं फॅक्सने यायची. फॅक्सच्या पोटातून निळं, गुलाबी, पिवळं, सगळं पांढरंच होऊन बाहेर पडे. एकाच प्रसंगाची दोन-तीन पानं, सगळ्यांवर आकडा तोच आणि रंग गेलेला. ती पानं लावून ठेवायचं काम शेपटीचं होतं. तिने लावली आणि तिघांनी त्यावरून गेम केला.

पिक्चर पाहिला तेव्हा अंधारात तिघं शेजारी शेजारी बसली होती. आई बुडाली तेव्हा संगीतवाल्याच्या हातातला लाह्यांचा पुडा खाली पडला.

दुसऱ्या दिवशी विक्री कंपनीच्या साहेबाने दोन तास तासलं. पानं कुणी लावली, असं त्याने विचारलं तेव्हा शेपटीने तोंड उघडायच्या आत दादा म्हणाला होता, मी. पुढचा गेम त्यांना मिळायचा होता, तो दुसऱ्या कुणाला गेला. दादा लिफ्टकडे गेला.

"हो, तू माझ्यासाठी बोललास. विसरले नाही. … कधीच बोलून दाखवलं नाहीस, तेही खरंय. आज दाखवतोयस, दाखव. तुझा हक्क आहे. …

"म्हणजे लोकांनी पुन्हा तेच छापावं, पुन्हा आपणच… हो. … हो, समजतंय. …

"बाई, तिकडे नाही, डावीकडे घ्या. डावीकडचं बटण. हां. …

"नाही, तुला नाही म्हटलं. … अरे, इथे पाहुण्या आल्यात एक."

खोलीच्या दुसऱ्या टोकाला एक जाडजूड, पाठीला पोक आलेला जुना टीव्ही होता. जुने गेम त्याच्यावरच खरे दिसतात म्हणून ठेवलेला. त्याच्यासमोर घरून आणलेल्या उशीवर एक म्हाताऱ्या बाई ताठ बसल्या होत्या. कंट्रोलर दोन्ही हातांत असा धरलेला, जणू भरलेला चहाचा ट्रे. वय एक्क्याऐंशी. सकाळी अकराला बस बदलून आल्या, येताना चपला दाराबाहेर जोडीने ठेवल्या आणि तेव्हापासून खेळत होत्या. प्रत्येक बटण दाबायच्या आधी विचारायच्या. पोराटोरांना जो टप्पा वीस मिनिटांत सुटतो तो बाईंना दीड तास लागायचा, कारण त्या धुक्यात थांबून काठावरची प्रत्येक पाटी वाचायच्या, आणि एखादी वाचून झाली की मान हलवायच्या, आपलंच जुनं पत्र सापडावं तशा.

"कोण म्हणजे… जिने लिहिलं ती. … अरे पिक्चर. … हो, तीच. जिवंत आहेत. माझ्यासमोर बसल्यात. …

"मी नाही बोलावलं. आपण हा गेम काढतोय, अशी चार ओळींची बातमी आली होती पेपरात. त्यांच्या भाचीच्या मुलीने वाचून दाखवली. त्यांनी सरळ पत्र लिहिलं. … हो, पोस्टाने. पत्रात एकच प्रश्न. वाचू? …

"'तुमच्या खेळात आई बुडत नाही असे कळले. हे खरे आहे का?'"

ती आवाज खाली आणून बोलत राहिली. बाईंना कमी ऐकू यायचं, पण नको तेवढंच नेमकं ऐकू यायचं.

हकीकत तिने मोजक्या शब्दांत सांगितली. बाईंनी पटकथा लिहिली तेव्हा त्यात आई शेवटपर्यंत होती. तिच्यासाठीच सगळं लिहिलेलं. मग निर्मात्याला वाटलं, पन्नाशीची बाई शेवटपर्यंत जिवंत ठेवून तिकिटं खपत नाहीत. बाईंना काढलं, दुसरा लेखक आणला, त्याने आईला पुरात घातलं. बाईंचं नाव पडद्यावर आलं, चार नावांत तिसरं. त्या पहिल्याच खेळाला गेल्या होत्या. आई बुडाली तशा उठल्या आणि घरी आल्या. बाकीचा पिक्चर त्यांनी आजतागायत पाहिलेला नाही. लिहिलेली मूळ प्रत घर बदलताना हरवली. चोवीस वर्षं त्यांना वाटत होतं की ती बाई या जगात आता कुठेही नाही.

"कुठेही नाही, दादा. पिक्चरवाल्यांकडे नाही, बाईंच्या कपाटात नाही. फक्त आपल्या गाळात आहे. … आता सांग मला दुसरा मुद्दा. सावली कोण विकत घेणार ते. …

"योगायोग. … हो, फॅक्सची कृपा. … हो रे, चुकून झालं, पण झालं ना. …"

इथे ती थांबली. तिला इथेच सोडून देता आलं असतं. दादा विरघळत होता, तो 'चुकून' म्हणाला त्यात चोवीस वर्षांत पहिल्यांदा कडूपणा नव्हता, आणि घड्याळात चार वीस झाले होते. शहाण्या माणसाने सही घेतली असती आणि फोन ठेवला असता. शेपटीने फोनची वायर बोटाला गुंडाळली, सोडली.

"दादा, चुकून नाही. …

"म्हणजे, चूक नव्हती ती. … ऐक. मध्ये बोलू नकोस, नाहीतर मी सांगणार नाही. …

"त्या प्रसंगाची दोन पानं होती माझ्यापुढे. एकात आई बुडते, एकात नाही. रंग नव्हते, कुठलं नवं ते कळायला मार्ग नव्हता. … होता. एक मार्ग होता. फोन करायचा आणि विचारायचं. नंबर भिंतीवर लिहिलेला होता. … विचारलं नाही. …

"कारण विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं."

आतल्या खोलीतला कळांचा आवाज बंद झाला. भागीदाराने सकाळपासून पहिल्यांदा उघडपणे ऐकायचं ठरवलं होतं.

"मला ते पान आवडलं. बस. ती कंदील घेऊन उभी असते ते. मी ते वर ठेवलं आणि दुसरं फाडलं. … हो, फाडलं. नुसतं खाली ठेवलं असतं तर तू वाचलं असतंस, आणि तू विचारलं असतंस. तू विचारतोसच. …

"हो. … हो, तू दोन तास उभा होतास. … हो, मी बाजूला उभी होते, आणि गप्प होते. … पुढचा गेम गेला, तेही. … तू गेम सोडलास, तेही माझ्या खात्यावर टाक. …

"बोल ना. … दादा? …"

फोन कापला नव्हता. पलीकडून लांबवर लिफ्टची घंटी ऐकू आली, दार उघडल्याचा आवाज, कुणीतरी नमस्कार केला, दार मिटलं. दादा ऑफिसच्या बोळात उभा राहून बोलत होता तर. खुर्चीत बसून, मुद्द्यांचा कागद समोर ठेवून बोलतोय असं ती धरून चालली होती. बोळात उभं राहून आपल्या माणसांपासून लपून माणूस कसला कागद वाचणार? ते सगळे मुद्दे त्याला तोंडपाठ होते. इतक्या वर्षांत स्वतःलाच किती वेळा सांगितले असतील.

"माफी मागतेय का? मागतेय. तुला बोलणी खावी लागली त्याबद्दल मागतेय, दहा वेळा. बायकोसमोर मागायची असेल तर तशी मागेन. … पण आईबद्दल नाही. ते पान आज माझ्यासमोर आलं ना, तर मी आजही तेच करीन. … नाही, लाज नाही वाटत. …

"सही देऊ नकोस. खरंच. तुझं गेलंय, तुला हक्क आहे. पण 'लोक हसतील' म्हणून देऊ नकोस, असं चालणार नाही. 'शेपटीवर राग आहे' म्हण आणि देऊ नकोस. मला ते चालेल. …"

तेवढ्यात बाईंनी होडी किंचित तिरकी घेतली आणि ती धक्क्याच्या आरपार गेली. बाईंनी पडद्याकडे पाहिलं, मग मागे वळून शेपटीकडे. भागीदार दारात आला होता, तोही गोठला.

"बरं झालं," बाई म्हणाल्या, "वळसा वाचला."

"… काय? … नाही, तुला ऐकू आलं ते बाई बोलल्या. … होडी गेली. धक्क्यातून. … 'बरं झालं, वळसा वाचला' म्हणाल्या. …"

पलीकडे आधी नाकातला वारा. मग दादा हसला, तोंडाने, मोठ्याने, बोळात कुणी आहे की नाही याची पर्वा न करता, आणि हसताना त्याला खोकला आला.

"हो. … हो, अजून तिथेच आहे तुझी चौथी भिंत. म्हणजे नाहीये. …

"काय? … किती वेळ लागेल? … दोन दिवस. … नको. …

"अरे, नको म्हणजे नको. … मला माहितीय तुला येतं. तू रात्रीत करशील. … नाही, हात लावायचा नाही. …

"ही अट आहे तुझी? सही देतो पण भिंत घालू दे? … दादा, नीट विचार कर. तुझी चूक सुधारायची तर नियम सगळ्यांना सारखा. मग माझंही पान बदलावं लागेल. पिक्चरप्रमाणे. … मग आई बुडेल. … तू येऊन बुडवतोस का? बाई इथेच बसल्यात, त्यांच्यासमोर बुडव. …

"हं. … मला वाटलंच."

चार चाळीस. बाई शेवटच्या टप्प्यात शिरल्या होत्या. आता पाट्या नव्हत्या, नुसतं धुकं, आणि त्यात दर थोड्या वेळाने भोंगा वाजत होता, लांबचा, जाडा, थोडा दमेकरी. शेपटीने फोन उचलला आणि टीव्हीकडे निघाली. वायर ताणली गेली, गुंडाळ्या सरळ झाल्या, टेबलावरून पेनांचा डबा आडवा झाला. तरी हातभर अंतर उरलंच. भागीदाराने काही न बोलता टेबलच ढकललं.

"ऐकू येतंय? … भोंगा. … अरे, तुझाच आहे. विसरलास? रिकामी बाटली घेऊन फुंकत होतास मोरीत उभा राहून, आणि संगीतवाला दाराला कान लावून. … हो, चक्कर आली होती तुला. … हो, तीच बाटली. …

"शू. जरा थांब."

धुकं बाजूला झालं. धक्का दिसला, आणि धक्क्यावर अंगठ्याच्या नखाएवढी एक बाई, चौकोनी चौकोनी ठिपक्यांची, हातात पिवळा ठिपका. शेपटीने ती टेबलाखाली झोपायच्या दिवसांत काढली होती. चेहरा काढायला जागाच नव्हती, म्हणून पदराचं टोक वाऱ्यावर हलतं ठेवलं होतं. ते हलत होतं.

बाईंचे अंगठे कंट्रोलरवर तसेच अधांतरी राहिले. त्यांनी मागे न बघता विचारलं, "आता कुठलं बटण?"

"आता कुठलंच नाही, बाई," ती म्हणाली. "आता नुसतं बघायचं."

होडी आपोआप सरकत जाऊन धक्क्याला लागली. भोंगा थांबला. बाई बघत राहिल्या. त्यांनी कंट्रोलर मांडीवर ठेवला, पदराने चष्मा पुसला, पुन्हा घातला आणि पुन्हा बघत राहिल्या. मग त्या म्हणाल्या, "कंदील मी उजव्या हातात लिहिला होता." पण तक्रार म्हणून नाही.

शेपटीने फोन कानाला लावला.

"आहेस? … हं. … पोचल्या. … आहे उभी. … हो, अजून. …"

आतल्या खोलीत काहीतरी टिंग वाजलं. भागीदार धावत गेला, धावत आला आणि दारातूनच अंगठा वर केला. मग एकदम गंभीर होऊन कागदाच्या तळाशी बोट फिरवल्यासारखं केलं. दादाने सही केली होती, पण सहीखाली हाताने काहीतरी लिहून पाठवलं होतं.

"मिळाली. … चार बावन्न. आठ मिनिटं राखून, तुझ्या मानाने उशीरच. … खाली काय लिहिलंयस? … वाच तूच. … नावांच्या यादीत? …

"बरोबर. साहेबाने त्या दिवशी यादीत 'पटकथेची पानं' याच्यापुढे तुझं नाव लिहून घेतलं, ते चोवीस वर्षं तसंच आहे. मला माहितीय. तू खोडून माझं घालायचं म्हणतोस. … घालते. आजच घालते. …

"नाही, बारीक अक्षरात नाही, सगळ्यांच्या एवढ्याच. … काय म्हणालास? पुढे कंसात? …

"नाही. … नाही म्हटलं ना. नाव घालीन, शेपूट म्हणूनसुद्धा घालीन, हवं तर तुझ्या धक्क्यावर पाटी लावून घालीन. पण 'चुकून' हा शब्द घालणार नाही. …

"दादा, तू अजून बोलतोयस. … शेवटचा शब्द तुझाच लागतो ना तुला, लहानपणापासून. … हो, ऐकतेय. … हो. …"

तिने फोन ठेवला.